ठकूबाईंच्या श्वासाची रेघ

माझ्या नोकरीत मला मुख्यतः दोनच शब्द बोलायचे असायचे: हलू नका. तीस वर्षं बोलले. घरीसुद्धा तोंडात तेच. नवरा दाढी करताना मान वळवायला लागला की माझ्या तोंडून निघायचं, "हलू नका," आणि बिचारा साबण लावलेल्या गालानं तसाच उभा राहायचा.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी कर्करोगाच्या माणसांना रेडिएशन देणारी तंत्रज्ञ होते. आमच्या भोर-वेल्ह्याकडं याला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. मी नर्स नाही, हे पहिली पाच वर्षं सगळ्यांना समजावून सांगितलं. मग कंटाळले आणि 'शिस्टर' या हाकेला ओ द्यायला लागले. दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणून सांगणं आलं, तेव्हा आधी नाहीच म्हणाले होते. पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती तेवढी लिहून मोकळी होते. मला चांगलं म्हणावं अशी ती गोष्ट नाही.

आधी काम सांगते. खोली मोठी, भिंती हातभर जाडीच्या. मधे टेबल आणि त्याच्याभोवती फिरणारं यंत्र. माणसाला टेबलावर झोपवायचं, अंगावरच्या खुणा जुळवायच्या आणि आपण बाहेर यायचं. दार बंद झालं की आत तो एकटा. आम्ही बाहेर टीव्हीवर त्याला बघतो आणि माईकवरून बोलतो. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत. नुसती यंत्राची घरघर ऐकू येते.

आता यातली मेख अशी, की माणूस लाकडासारखा पडून राहिला तरी आत काहीच स्वस्थ नसतं. श्वास घेतला की यकृत खाली सरकतं, सोडला की वर येतं. फुफ्फुसातली गाठ वरखाली होत असते. लघवीची पिशवी भरली की शेजारच्या सगळ्यांना ढकलते. मी नोकरीला लागले तेव्हा यावर एकच उपाय होता: गाठ जिथं जिथं सरकेल तेवढा सगळाच भाग भाजून काढायचा. गाठीबरोबर चांगलं मांसही जळायचं, आणि त्याला आमचा इलाज नव्हता.

मग हलणाऱ्या अवयवावर नजर ठेवणारी साधनं आली. वेल्ह्याचे एक गृहस्थ होते, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तीन बारीक दाणे सुईनं बसवले होते. दाणे फोटोत चमकतात, त्यावरून अवयव नेमका कुठं सरकला ते कळतं. हे समजावून सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मेल्यावर तोंडात सोनं घालायची आठवण पोरांना राहिली न्हाई तरी माझं काम झालेलं आसंल." मी एवढी हसले की त्यांच्या खुणा जुळवताना माझाच हात हलला.

श्वासासाठी वेगळी युक्ती होती. काड्यापेटीच्या दुप्पट एवढी प्लास्टिकची एक डबी छातीच्या खाली, पोटावर ठेवायची. तिच्यावर चमकणारे ठिपके. समोरचा कॅमेरा ठिपक्यांवर नजर ठेवतो आणि बाहेर आमच्या पडद्यावर रेघ उमटते. श्वास घेतला की रेघ चढते, सोडला की उतरते. पडद्यावर दोन आडव्या खुणा असतात. रेघ त्या दोन खुणांच्या मधे असेल तेवढाच वेळ किरण सुरू, बाहेर गेली की त्याच क्षणी बंद. डाव्या स्तनाच्या कर्करोगात तर ही डबी म्हणजे देवच, कारण त्याच्या बरोबर मागं हृदय असतं. बाईनं छाती भरून श्वास घेतला आणि वीसेक सेकंद धरून ठेवला, की फुफ्फुस फुगतं, हृदय मागं सरतं आणि किरण त्याला न शिवता जातात. नाही धरला, तर हृदयाच्या कडेला थोडी झळ लागते. ती लगेच कळत नाही. काही वर्षांनी चढ चढताना कळते.

श्वास धरायला शिकवणं हे माझं खास काम. माझा आवाज खणखणीत, भोरच्या मंगळवारच्या बाजारात तयार झालेला. आमचं भाजीचं दुकान होतं. मी माईकचं बटण दाबायचे ते सोडायचेच नाही. "श्वास घ्या, भरा, भरा, धरा! एक... दोन... तीन..." असं वीसपर्यंत मोजत बसायचे. आत एकट्या पडलेल्या बाईला सोबत वाटावी, किती उरलं ते कळावं, हा हेतू. नवीन लागलेल्यांना डॉक्टर सांगायचे, बाईंचं मोजणं ऐका, असं बोलायला शिका. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ठकूबाई आल्या त्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावरून. पंचावन्नच्या आसपास वय, काटक, कपाळावर गोंदण. डावा स्तन काढलेला. घरी म्हशी, शेरडं, थोडी नाचणी. सोबत सून, सुमन. मुलगा गुरांपाशी थांबला होता, आणि या दोघी कात्रजला भाच्याच्या खोलीवर राहून रोज येत होत्या. शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांनी ठकूबाईंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी दोघींना माझ्यासमोरच स्वच्छ सांगितलं, "श्वास धरून जमलं तर लाईट देऊ. नाही जमलं तर या हृदयावर मी किरण टाकणार नाही. मग गोळ्यांवर भागवायचं, आणि दुखणं परत येण्याची भीती राहील."

ठकूबाई म्हणाल्या, "जमंल की. म्या डोक्यावर भारा घिऊन चढ चढती."

आणि सरावाला जमलंही. मी शेजारी उभी राहून सांगत होते, त्या मान हलवत होत्या आणि श्वास असा धरत होत्या की रेघ जणू पट्टीनं ओढलेली. पंचवीस सेकंद! मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास! एवढंच करायचं. फक्त आत गेल्यावर मानसुद्धा हलवायची नाही हं, अजिबात नाही."

"न्हाई हालवायची," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी टेबलावर घेतलं, हात डोक्यावर, चेहरा पलीकडं वळवलेला. बाहेर येऊन मी बटण दाबलं. "ठकूबाई, श्वास घ्या, भरा, धरा!" रेघ झकास चढली. "एक..." आणि रेघ जराशी खाली. "दोन..." अजून जराशी. तीन, चार, पाच, आणि रेघ खुणेच्या बाहेर. किरण बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रेघ पायरी पायरीनं उतरायची, आणि मी जितकी जोरात मोजायचे तितकी लवकर उतरायची. पाऊण तास झाला, त्या दिवसाचा डोस निम्मासुद्धा गेला नाही. बाहेर बाकड्यावर बारा माणसं ताटकळलेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. आत जाऊन मी त्यांना फाडकन बोलले, "अहो, सरावाला धरत होता ना? मग आत्ताच काय होतंय? मी बाहेरून घसा फोडून सांगतेय आणि तुम्ही सोडून देताय! ऐकायचंच नाही असं ठरवलंय का?"

त्या म्हणाल्या, "म्या तर तुमचं समदं ऐकतीया, बाई."

सुमन दारातून ऐकत होती. तिनंही तोंड सोडलं. "आत्याबाय, तिकडं तुमचा ल्योक एकला मरतुय, म्या हितं तीन दिस बसलीया, आन् तुमी हट करताय! घरी बी आसंच. कुणाचं म्हून ऐकायचं न्हाई."

ठकूबाईंनी पदर ओढून घेतला. मी बाहेर आले आणि संगणकावरच्या त्यांच्या फाईलमध्ये लिहिलं: 'रुग्ण सूचना पाळत नाही. श्वास धरण्यात सहकार्य नाही.' खाली माझं नाव. डॉक्टरांनी ते वाचलं, हृदयाचा अहवाल पुन्हा बघितला आणि उपचार बंद करायचा निर्णय दिला. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्या एका ओळीच्या पुढं त्यांनी मला काही विचारलंच नाही.

घरी पाठवायचं म्हणजे गोळ्या समजावून सांगायच्या. चौथ्या दिवशी तेही काम माझ्याकडंच आलं. ठकूबाई पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. सुमन भोरची एसटी किती वाजता ते भाच्याला मोबाईलवर विचारत होती. मला वाईट वाटत होतं, पण रागही गेलेला नव्हता. कागदावर लिहीत लिहीत मी सांगत होते.

"ही पांढरी गोळी सकाळी, जेवल्यावर."

"हूं."

"रोज घ्यायची, चुकवायची नाही."

"हूं."

"हाताचा व्यायाम सोडायचा नाही."

"हूं."

"दम लागला तर बसायचं."

"हूं."

माझं पेन थांबलं. प्रत्येक 'हूं'बरोबर त्यांची छाती किंचित खाली जात होती. जराशी. एक पायरी.

"ठकूबाई," मी विचारलं, "आत झोपल्यावर मी आकडे म्हणत होते, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? हूं म्हनत व्हती की."

"प्रत्येक आकड्याला?"

"मंग? तुमी भाईर ऱ्हाऊन यवढं माज्यासाटी बोलताय. बोलनाऱ्या मानसाला हूं तरी नको व्हय म्हनाय? मान हालवू नगा म्हनालात, म्हून तोंडानं म्हनलं. न्हाईतर तुमालाच वाटायचं, म्हातारी मेली का काय आत!"

माईकचं बटण दाबलेलं असलं की आतला आवाज बाहेर येत नाही. आणि माझं बोट बटणावरून कधी हटतच नव्हतं. तीन दिवस ती बाई माझ्या एकेका आकड्याला मान देत होती, त्यापायी धरलेला श्वास थोडा थोडा सोडत होती, आणि मी बाहेर तिच्या नावानं बोटं मोडत होते. बरं, मी काही परदेशातून आलेली नाही. आमची आत्या गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं राहिलं, तर ती गोष्ट तिथंच बंद करायची. आपल्याकडं कुणी बोलत असताना ऐकणारा मुका बसला, तर तो रागावलाय किंवा झोपलाय असाच अर्थ होतो. हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल, मला कळायला हवं होतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"सुमन, एसटीचं राहू दे," मी म्हणाले आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टर वैतागले. "बाई, तीन दिवस यंत्र अडवलंत, काल फाईलमध्ये तसं लिहिलंत, आणि आज सांगताय की चूक तुमची?"

"हो, माझी. अगदी शंभर टक्के माझी. मला एक दिवस द्या."

"उद्या सकाळी, एकदाच," ते म्हणाले. "रेघ टिकली नाही, तर हृदयाशी खेळ नको. घरी."

सकाळी टेबलावर घेतल्यावर मी ठकूबाईंचा हात हातात धरून सांगितलं, "मी फक्त 'भरा' म्हणणार. त्याला तुम्ही हूं म्हणायचं, मग छाती भरायची आणि धरायची. नंतर मी एक अक्षर बोलणार नाही. घरघर ऐकू येईल, ती थांबली की श्वास सोडायचा."

"त्या यंत्राला हूं म्हनायचं न्हाई ना?"

"नाही हो, माझ्या माये! त्याला काही वाटत नाही."

"आन् तुमी न्हाई बोललात, तर तुमी हायसा का गेलासा, ते मला कसं कळावं?"

"मी दाराबाहेरच आहे. तुमच्यावरची नजर काढणार नाही," मी म्हणाले. "शब्द देते."

"मंग जावा," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन बटण दाबलं. "ठकूबाई, भरा." बोट उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा इतक्या लवकर उचललं. आतून स्पष्ट ऐकू आलं, "हूं." मग रेघ चढली, दोन खुणांच्या मधे गेली, आणि घरघर सुरू झाली. डॉक्टर माझ्यामागं उभे होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण हात आपोआप बटणाकडं जात होता आणि जिभेवर 'एक' तयार होता. रेघ हलली नाही. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. घरघर थांबली आणि रेघ एकदम खाली आली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. बारा मिनिटांत त्या दिवसाचा पूर्ण डोस गेला, आणि हृदय सगळा वेळ बाजूला राहिलं. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडं गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आनंद होताच, पण लाज जास्त वाटत होती.

पुढचे सगळे दिवस एकदाही रेघ मोडली नाही. मी सगळ्यांशीच माईकवर कमी बोलायला लागले. 'बाईंची तब्येत बरी नाही वाटतं,' असं विभागात बोललं जात होतं म्हणे.

शेवटच्या दिवशी मी ठकूबाईंच्या हातात घरी न्यायची फाईल दिली. त्यांनी ती उघडली, पानं उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्याच्यात माज्याबद्दल काय लिवलंय?"

संगणकातलं लिहिलेलं आमच्याकडं पुसता येत नाही. खाली नवीन ओळ घालता येते, ती मी घातली होती. छापलेल्या कागदावर दोन्ही आलं होतं. खोटं सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं. वाचून दाखवलं. 'रुग्ण सूचना पाळत नाही. श्वास धरण्यात सहकार्य नाही.' त्यांचा चेहरा पडला. मग खालचं वाचलं: 'वरील नोंद चुकीची आहे. रुग्ण प्रत्येक सूचनेला उत्तर देत होत्या, म्हणून श्वास सुटत होता. दोष माझ्या बोलण्याच्या पद्धतीचा होता, रुग्णाचा नव्हता.'

"ही खालची वळ पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या. "जरा मोट्यानं. सुमे, हिकडं यं. फोन ठिव."

सुमन आली. मी बाजारातल्या आवाजात वाचलं. बाकड्यावरची माणसंही ऐकायला लागली. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सासूच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "आत्याबाय, म्या लई बोलली तुमास्नी."

"बोललीस," ठकूबाई म्हणाल्या. "ऊट आता." मग माझ्याकडं वळल्या. "बाई, एक इचारू? माज्या आदी बी कुनी आसंल की आमच्याकडची. हूं म्हननारी. त्यांच्याबद्दल बी आसंच लिवलंय का?"

मला तीन बायका त्या क्षणी आठवल्या. तिघी आमच्याच डोंगरातल्या, तिघींची रेघ पायरी पायरीनं उतरायची. त्यांची हृदयं धडधाकट होती, म्हणून त्यांना श्वास न धरता, तसेच किरण दिले होते. तिघींच्या फाईलमध्ये माझ्या हातची तीच ओळ होती.

"आहेत," मी म्हणाले.

"मंग बोलवा की त्यास्नी," ठकूबाई म्हणाल्या. इतकं सरळ सांगून त्या सुनेबरोबर निघून गेल्या.

तिघींच्या फाईली काढल्या. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद सही करून दिले, पण म्हणाले, फोन तुम्हीच करा. करणं भागच होतं. दोन नंबर बंद लागले. त्यांच्या गावी निरोप पाठवले, अजून उत्तर नाही. तिसरा मार्गासनी गावचा. मुलानं उचलला. मी कोण ते सांगितलं आणि घाबरत विचारलं, आई कशा आहेत?

"बरी हाय की," तो म्हणाला. "आलीकडं चढाला दम लागतुया जरासा, वय झालं म्हनती. खालच्या खाचरात भात लावतीया. हाक मारू का?"

"मारा," मी म्हणाले. "पण सावकाश वर येऊ द्या. मधे बसत बसत या म्हणावं. मी थांबते."